डाव्या अंगठ्याचा गज

काका आमच्याकडे राहायला आले ते खांद्यामुळे. माझ्या नवऱ्याचे हे धाकटे काका. वय एकाहत्तर, लग्न केलेलं नाही, स्वतःचं सगळं स्वतः करायची सवय. स्वयंपाकघरातला दिवा बदलायला स्टुलावर चढले, स्टूल एकीकडे गेलं आणि काका दुसरीकडे. हाड मोडलं नाही, पण उजवा खांदा असा काही आखडला की हात छातीच्या वर जाईना. खांद्याचे व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होत्या. रोज सकाळी जायचं, सहा आठवडे. तेव्हा मुक्काम आमच्याकडे, हे ओघानेच आलं.

अडचण एवढीच होती की आमच्या घरातली पाहुण्यांची खोली आणि माझी कामाची खोली ही एकच खोली आहे. भिंतीला लागून पलंग, पलंगासमोर माझं टेबल, टेबलावर संगणक, दोन स्पीकर आणि पियानोसारख्या पट्ट्यांचा कीबोर्ड. मी लघुपटांना, नाटकांना, अधूनमधून साबणाच्या जाहिरातींना संगीत देते. सगळी वाद्यं त्या टेबलावरच वाजतात. आणि काका अडतीस वर्षं एका वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत होते.

"दुसऱ्या रांगेत चौथा," अशी ते स्वतःची ओळख करून देत. ऐकणाऱ्याला वाटावं, घराचा पत्ता सांगताहेत.

त्या दिवसांत माझ्याकडे एका लघुपटाचं काम होतं. साठाव्या वर्षी पोहायला शिकणाऱ्या एका न्हाव्याची गोष्ट. शेवटची चार मिनिटं कोणी काही बोलत नाही. न्हावी तलावाच्या काठावर उभा राहतो, शिडीवरून एकेक पायरी उतरतो, गळ्याइतक्या पाण्यात थांबतो आणि अखेरचे चाळीस सेकंद पोहतो. दिग्दर्शिकेला तिथे एकटं व्हायोलिन हवं होतं, बाकी काही नाही. पण ती रोज सकाळी उठून दृश्यं कापत होती. आज चार मिनिटं, उद्या पावणेचार, परवा परत चार. खरा वादक बोलावला असता तर तो तिसऱ्या दिवशी पळून गेला असता. म्हणून ते व्हायोलिन मी संगणकावरच करायचं ठरलं.

संगणकातलं व्हायोलिन खोटं असतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. कुणीतरी खरा वादक बंद खोलीत बसून एकेक सूर वेगळा वाजवतो. हळू, जोरात, आखूड, लांब. ते हजारो तुकडे डबे भरावेत तसे भरून ठेवलेले असतात. मी पट्टी दाबली की त्या सुराचा डबा उघडतो. प्रत्येक तुकडा अस्सल असतो. घोडं पेंड खातं ते तुकडे एकामागून एक लावताना.

मी पहिलं काम पाठवलं आणि दिग्दर्शिकेचा फोन आला. ती काहीतरी खात होती.

"सुरेख झालंय," ती म्हणाली. "फक्त वाजवणारा कुठे गेलाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे सूर ऐकू येतात, माणूस ऐकू येत नाही. बघ ना जरा."

बघ ना जरा म्हणणं सोपं असतं. मी दोन दिवस बघितलं. आवाजाला मोठ्या सभागृहाचा घुमारा दिला, तर न्हावी विहिरीत पडल्यासारखा वाटायला लागला. घुमारा काढला. खालचे सूर जाड केले, मग पातळ केले. काका या वेळात पलंगावर पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होते. एक अक्षर बोलत नव्हते, पण पान मात्र फार जोरात उलटत होते.

तिसऱ्या दिवशी माझाच धीर सुटला. "काका, काय ते बोलून टाका."

त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी केली. "मला एक सांग सूनबाई, या माणसाचा हात किती लांब आहे?"

"कुठल्या माणसाचा?"

"तुझ्या त्या पेटीतल्या. मघाशी त्याने एक सूर धरला, चांगला दणकून. मी मोजले, अकरा सेकंद. मध्ये तारांवरचा गज एकदाही वळवला नाही. एवढा गज कुठे मिळतो? दारातून आत कसा आणला त्याने?"

मला राग आला. पंधरा वर्षं मी हे काम करते आहे, आणि मी नाकावर माशी बसू देत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "काका, लोकांना असलं काही कळत नाही."

"गज कळत नाही. पण दम कळतो," काका म्हणाले. "ऐकताना आपलाही दम कोंडतो. मग माणूस म्हणतो, सुरेख आहे, आणि खुर्चीत चुळबुळ करतो."

माझा नवरा दातांचा डॉक्टर. तो दुपारी जेवायला घरी आला तेव्हा मी त्याच्याजवळ तक्रार केली. तो म्हणाला, "मला नकली दात बसवताना हीच पंचाईत होते. सगळे अगदी सारखे बसवले की तोंड दुसऱ्याचं वाटतं." मग तो जेवून निघून गेला. मी एकटी पडले.

त्या संध्याकाळी मी एक कागद घेऊन काकांच्या पलंगाशी बसले. "सांगा. गज कुठे संपतो?"

काका सांगतील की नाही असं वाटलं होतं, पण ते वाटच बघत असावेत. त्यांनी माझी फूटपट्टी मागितली, ती माझ्या मनगटावर आडवी ठेवली आणि डाव्या हाताने ओढायला लागले. जोराचा सूर असेल तर पट्टी भराभर सरकते आणि लवकर संपते. हळू सूर असेल तर पुरवून पुरवून वापरता येते. संपली की उलट दिशेने. खाली येणारा गज वजनदार, वर जाणारा हलका. आम्ही ती चार मिनिटं अशी माझ्या मनगटावर वाजवली. प्रत्येक सुरावर मी पेन्सिलने बाण काढत गेले, वर किंवा खाली. शेवटी मनगट लाल झालं आणि कागद बाणांनी भरला.

दुसऱ्या दिवशी मी ते सगळे बाण संगणकात उतरवले. जिथे गज वळतो तिथे आवाजाला केसाएवढी खाच दिली. लांब सूर आला की आधी तो सरळ उभा केला आणि मग जरा वेळाने त्याला कंप दिला, कारण काका म्हणाले होते की वादक आधी सूर धरतो, तो बरोबर लागलाय अशी खात्री करतो आणि मगच बोट हलवतो. "तुझा माणूस सूर लागण्याआधीच थरथरतोय, त्याला हुडहुडी भरलीय का?"

बरंच सुधारलं. मग मात्र मला चेव चढला. संगणकात एक सोय असते. ती वापरली की सगळे सूर आपोआप थोडे थोडे मागेपुढे होतात, आवाज कमीजास्त होतो. माणसाच्या हातून होतं तसं, असं ती करणाऱ्यांचं म्हणणं. मी ती भरपूर वापरली आणि काकांना ऐकवलं.

काका शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "हा प्यायलाय."

"तुम्हीच म्हणालात ना, माणसाचं इतकं काटेकोर नसतं म्हणून?"

"नसतं. पण माणूस उगाच नाही चुकत. खालच्या सुरावरून उंच सुरावर जायचं तर बोटाला चालत जावं लागतं, म्हणून तिथे उशीर होतो. सोपा उतार आला की हात पुढे धावतो, म्हणून तिथे घाई. तार बदलताना आवाज जरा खरबरीत होतो. कुठे काय होणार याला कारण असतं. तू नुसतीच मिरची भुरभुरवलीस."

मी ती सोय काढून टाकली आणि एकेक सूर हाताने बसवायला लागले. उंच उडी असेल तिथे सूर किंचित उशिरा, उतारावर किंचित आधी. चार मिनिटांत चारशे बारा सूर होते. या गतीने न्हाव्याला पोहता येईपर्यंत मला चष्मा लागला असता.

वाट सापडली ती अशी. माझ्या कीबोर्डच्या डाव्या कडेला एक छोटं चाक आहे, अंगठ्याने फिरवायचं. वर नेलं की सूर भरत जातो, खाली आणलं की ओसरतो. मी ते फारसं वापरत नसे. सूर आधी वाजवून घ्यायचे आणि आवाजाची चढउतार नंतर माउसने काढायची, ही माझी पद्धत. त्या सकाळी मी काकांना सुरुवातीची ओळ वाजवून दाखवत होते. ते माझ्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसले होते. "इथे फुगव, इथे सोड," असं म्हणत म्हणत त्यांचा हात त्या चाकावर गेला. "हे काय आहे?"

"आवाज कमीजास्त करायचं."

त्यांनी चाक थोडं वर नेलं. मी पट्टी दाबलेलीच होती. सूर भरून आला. त्यांनी चाक खाली आणलं, अगदी खाली, आणि वळवून पुन्हा वर नेलं. स्पीकरमधून गज वळल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

मी पुढचा सूर दाबला, मग त्याच्या पुढचा. काका चाक फिरवत राहिले. त्यांचा अंगठा चाकावर होता, पण आखडलेला उजवा खांदासुद्धा इवलासा मागेपुढे होत होता. एकेका सुराबरोबर ते अंगभर वाजवत होते. ओळ संपली तेव्हा त्यांनी अंगठा उचलला आणि त्याच्याकडे बघितलं.

"परत घे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आमचं व्हायोलिन दोघांत वाटलं गेलं. सूर माझ्या उजव्या हातात, गज त्यांच्या डाव्या अंगठ्यात. डॉक्टरीणबाईंकडून आले की काका चहा घेत आणि सरळ खुर्चीवर येऊन बसत. तालीम जोरात चालली होती. मी एखाद्या सुरावर घाई केली तर ते गज देतच नसत. सूर मुका राहायचा आणि मला समजायचं.

चार दिवसांनी दिग्दर्शिकेने चित्र पक्कं केलं, आता एकही कात्री नाही असं शपथेवर सांगितलं, आणि आम्ही खरं ध्वनिमुद्रण करायला बसलो. दुपारची वेळ होती. मी खिडक्या लावल्या, पडद्यावर न्हावी काठावर येऊन उभा राहिला, मी पहिला सूर दाबला. काकांचा अंगठा हललाच नाही.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गज आला, पण मागून, चोरासारखा.

"काका, कशाची वाट बघताय?"

"रांग सुरू होण्याची," ते म्हणाले. "तालमीपर्यंत ठीक होतं गं. पण अडतीस वर्षांत मी एकदाही एकटा ऐकू आलेलो नाही. आलो असतो तर नोकरी गेली असती. सगळ्यांच्या गजात आपला गज मिसळायचा, वेगळा कळता कामा नये, एवढंच आमचं काम. मला एकट्याने सुरू करता येत नाही."

मी म्हटलं, "पण तुम्ही एकटे कुठे आहात? रांगेची पुढारी मी. माझ्या बोटांकडे बघा, मी श्वास घेतला की सुरू करा. आणि पडद्याकडे बघूच नका."

मी मुद्दाम मोठ्याने श्वास घेतला. काकांनी गज टाकला. न्हावी शिडी उतरायला लागला, एकेक पायरी, आणि व्हायोलिन त्याच्या पावलाला पाऊल लावत उतरत गेलं. पाणी गळ्याशी आलं तेव्हा सूर इतका बारीक झाला होता की मला वाटलं चाक तळाला टेकलं. टेकलं नव्हतं. काकांनी ते तळाच्या किंचित वर, जेमतेम जागच्या जागी तोलून धरलं होतं. तीन मिनिटं वीस सेकंद आम्ही एका दमात पार केली.

राहिले शेवटचे चाळीस सेकंद. न्हावी पोहायला लागतो आणि व्हायोलिन पळत सुटतं, एका सेकंदात आठ-आठ सूर. तिथे मात्र आमची डाळ शिजेना. इतक्या वेगात डब्यांतले तुकडे एकमेकांवर आदळत होते, शिलाई मशीन चालल्यासारखे. तुकडे आखूड करून पाहिले, वेगळे घेऊन पाहिले. मला ते खपण्यासारखं वाटत होतं. दिग्दर्शिकेलाही चाललं असतं. काकांना चालेना.

"इथे जिवंत माणूस हवा," ते म्हणाले. "चित्र आता पक्कं झालंय ना? मग बोलाव."

"कुणाला?"

त्यांनी वहीतून एक नंबर काढून दिला. नंबर त्यांच्या वाद्यवृंदातल्या लीडरबाईंचा होता. पहिल्या रांगेतलं पहिलं व्हायोलिन, सगळ्यांनी जिच्या गजाकडे बघून वाजवायचं ती. आता त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि अजून रोज दोन तास वाजवत होत्या. "पण आधीचं वाजवणं कुणाचं ते सांगायचं नाही," काकांनी बजावलं. "मी इथे आहे हेही नको. ती ओरडेल."

लीडरबाई सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी आल्या. एका हातात व्हायोलिनची पेटी, दुसऱ्या हातात स्वतःची उशी. चहा घेतला, खुर्चीची उंची बघितली, ती नाकारली, दुसरी घेतली. काका स्वयंपाकघरात वर्तमानपत्र धरून बसले होते आणि ते पान काही उलटलं जात नव्हतं.

"आधीचं ऐकवा," लीडरबाई म्हणाल्या. "कुठून उचलायचं ते मला कळायला हवं."

मी लावलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. शिडीची तिसरी पायरी आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"हा उतरताना रेंगाळतो," त्या म्हणाल्या.

मी उगाच आवाज थोडा वाढवला.

"आमच्या दुसऱ्या रांगेत एकजण होता. गज खाली येताना नेमका एवढाच रेंगाळायचा. वीस वर्षं मी त्याच्यावर ओरडले, तेही मागे वळून न बघता. कळायचंच मला." त्यांनी पुढचं सगळं ऐकलं, पाण्यातला तो बारीक सूरही. मग दाराकडे तोंड करून, आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "बाहेर ये."

काका वर्तमानपत्रासकट दारात येऊन उभे राहिले.

"हात चालत नाही म्हणे तुझा."

"नाही चालत."

"मग हे काय वाजवलंस?"

काकांनी डावा अंगठा वर केला. मी चाक दाखवलं, कसं केलं ते सांगितलं. लीडरबाईंनी स्वतः एकदा ते चाक फिरवून पाहिलं, सोसायटीच्या नळाची चावी तपासावी तसं.

"रांगेत ती तुझी खोड होती," त्या काकांना म्हणाल्या. "एकट्याला शोभते." काका जमिनीकडे बघायला लागले. एकाहत्तर वर्षांच्या माणसाचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. "पण दुसऱ्या पायरीवर उशीर फार आहे."

"तिथे त्याला पाण्याची भीती वाटते," काका म्हणाले.

लीडरबाईंनी पडद्यावरच्या न्हाव्याकडे नीट बघितलं. "बरं. मग राहू दे."

शेवटचे चाळीस सेकंद त्यांनी तीन वेळा वाजवले. पहिल्यांदा हात गरम केला, दुसऱ्यांदा वाजवलं, तिसऱ्यांदा मला हवं म्हणून. आम्ही दुसरं घेतलं. सुरुवातीला त्यांनी नाकाने घेतलेला श्वास माइकमध्ये आला होता, तो मी ठेवला. तो कापून आमच्या भागातही एकदोन ठिकाणी चिकटवावा असं माझ्या मनात आलं, तर काकांनी माझा हात धरला. दुसऱ्याचा श्वास आपल्या वाजवण्यात घ्यायचा नाही, म्हणाले. घेतला नाही. दोन्ही भागांचा सांधा जुळवायला मला पूर्ण एक दिवस लागला. त्या खोलीचा जेवढा आवाज बाईंच्या व्हायोलिनला लागला होता, तेवढाच आमच्या व्हायोलिनला लावावा लागला.

दिग्दर्शिका घरी येऊन ऐकून गेली. ऐकताना तिने काही खाल्लं नाही.

"वादकाचा नंबर दे," ती म्हणाली. "माझ्या पुढच्या कामालाही हाच हवा."

"कुठला हवा? मला अर्धं धरलं तर अडीच आहेत," मी म्हटलं. तिला सगळं समजावून सांगेपर्यंत चहा दोनदा झाला. तिने परत ऐकलं, सांधा कुठे आहे ते शोधत. तिने दाखवलेली जागा चुकीची निघाली. काका पलंगावर बसून हे ऐकत होते. त्यांनी उशी उजवीकडून डावीकडे ठेवली आणि परत उजवीकडे ठेवली.

लघुपट एका छोट्या सभागृहात दाखवला तेव्हा आम्ही सगळे गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शर्टाच्या उजव्या बाहीत हात घालायला अजूनही माझ्या नवऱ्याची मदत लागली. न्हावी काठावर आला, दिवे मालवलेल्या त्या सभागृहात दोनशे लोकांसमोर काकांचा गज एकटाच सुरू झाला, आणि काकांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. शिडी संपेपर्यंत सोडलं नाही. कुणी चुळबुळ केली नाही. एका बाईंना खोकला आला तर तो त्यांनी तोंडावर रुमाल धरून दाबला. शेवटी नावं आली तेव्हा व्हायोलिनपुढे तीन नावं होती, आणि काकांचं त्यात पहिलं होतं. ते मी लावून घेतलं होतं. लीडरबाईंनी ते बघितलं आणि हरकत घेतली नाही.

सहा आठवडे संपले. काकांचा हात कानापर्यंत जायला लागला, पुढचं वर्षभरात होईल तेवढं होईल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि काका आपल्या घरी परतले. खोली एकदम मोठी झाली आणि मला काम सुचेना.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. त्यांनी कीबोर्ड घेतला होता, संगणक घेतला होता, आणि पट्ट्या दाबायला दर गुरुवारी लीडरबाई येत होत्या. दोघांनी मिळून सध्या वाद्यवृंदातली दुसरी वाद्यं, व्हायोलिनपेक्षा जरा मोठा व्हायोला वगैरे, वाजवून बघायला घेतली होती.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"भांडतो," काका म्हणाले. मागून लीडरबाईंचा आवाज आला, सूनबाईला व्हायोलाचं सांग म्हणून. "हां, ही म्हणते, संगणकातला व्हायोला आमच्या खऱ्या व्हायोलावाल्यापेक्षा चांगला आहे. तालमीला वेळेवर तरी येतो. बरं, मी ठेवतो. गज माझ्या हातात आहे आणि ही सुरू करून बसलीय."